बिनलेबलाची डबी आणि दहा दिवसांचा उजळपणा

स्किन क्लिनिक आणि पार्लरमधून पॅकेजसोबत बिनलेबलाचं क्रीम देण्याची ही फसवणूक लवकर लक्षात येत नाही, कारण पहिले दहा-पंधरा दिवस चेहरा खरंच सुधारतो. वांगाचे डाग फिके पडतात, पुरळ बसतं, शेजारणी विचारतात, "काय लावतेस गं?" आणि बाई पॅकेजचे उरलेले पैसेही भरून मोकळी होते.

सुरुवात बहुधा फुकटच्या 'स्किन अ‍ॅनालिसिस'ने होते. समोर पांढरा कोट, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं, दारावर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' अशी पाटी. ही डॉक्टरकीची पदवी नव्हे. काही आठवड्यांचा कोर्स केलेले लोकही ती पाटी लावतात. त्वचारोगतज्ज्ञाच्या नावापुढे एमबीबीएसनंतर त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, डीव्हीडी असते, आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागून घ्या आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळून पाहा. "डॉक्टर फक्त शनिवारी येतात, पील आम्हीच करतो," असं कुणी सांगितलं तर तिथूनच परत फिरा. पील म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं.

साधं क्लीनअप, मसाज, मास्क यांना डॉक्टर लागत नाही, ते चांगल्या पार्लरमध्ये खुशाल करा. आम्ल, सुई किंवा लेझर आलं की गोष्ट वेगळी. ग्लायकोलिक पील आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर साधारण २० ते ३५ टक्क्यांपासून, घड्याळ लावून, एक ते तीन मिनिटं ठेवतात आणि मग सोडा-बायकार्बच्या द्रावणाने थांबवतात. टक्क्यांइतकाच पीएच, म्हणजे आम्लतेचं मापही महत्त्वाचं. पीएच जितका कमी, तितकं तेच आम्ल जास्त खोल जातं. बिननावाच्या बाटलीतून ओतून "जरा चुरचुरेल, सहन करा" म्हणणारीला यातलं काहीच ठाऊक नसतं. ग्लायकोलिक लावल्यावर त्वचा पांढरी पडू लागली तर पील खोल जातंय, लगेच थांबवायला हवं. नाहीतर काळे डाग पडतात आणि ते जायला महिनोन्‌महिने लागतात. आधी रेटिनॉल वापरता का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, ओठांवर नागीण उठते का, हे न विचारता कुणी पील लावत असेल तर लावूच देऊ नका.

मायक्रोनीडलिंगची, म्हणजे त्वचेत बारीक टोचण्याची सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये 'व्हॅम्पायर फेशियल' (स्वतःच्याच रक्तातला भाग सुयांनी चेहऱ्यात सोडणं) केलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या आरोग्य यंत्रणेने नोंदवलं आहे.

पण खरा घात होतो तो घरी दिलेल्या डबीने. पांढरी, प्लास्टिकची, दहा-पंधरा ग्रॅमची. लेबल नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही. विचारलं तर "आमचंच फॉर्म्युलेशन आहे." आत बहुतेकदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि सूज दबते, हायड्रोक्विनोन रंग उतरवतं. दहा दिवसांतल्या उजळपणाचं कारण एवढंच. पुढे त्वचा पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते, मुरुमं उठतात. क्रीम बंद केलं की चेहऱ्याची आग होते, म्हणून बाई पुन्हा तीच डबी आणायला जाते, आणि विकणारीला हेच हवं असतं. २०१८ पासून अशी बरीच स्टेरॉइड क्रीमं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

बारा सिटिंगचे पैसे एकदम भरू नका, ईएमआयवर तर मुळीच नको. दर वेळचं पक्कं बिल घ्या, त्यावर कोणतं पील, किती टक्के, हे लिहून घ्या. पैसे अडकले असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

डबी आधीच सुरू असेल तर ती फेकू नका, आणि क्रीम मनानेच एकदम बंदही करू नका. डबी, बिल आणि सुरुवातीपासूनचे फोटो घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत जा आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा लावलं ते खरं सांगा. क्रीम कसं कमी करत न्यायचं हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.