कोर्टाची खोटी ऑर्डर आणि दादांच्या आईचं नाव

माझ्या वडिलांचा, दादांचा, जन्म 1958 चा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, घरातच झालेला. भाऊ अमेरिकेचा नागरिक आहे आणि दादांच्या ग्रीन कार्डासाठी जन्माचा पुरावा लागणार होता. ग्रामपंचायतीत नोंद सापडली नाही. ग्रामसेवकांनी तसा अनुपलब्धतेचा दाखला दिला.

कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एजंटनं तो दाखला पाहून बाजूला सारला. "ताई, याचा उपयोग नाही. कोर्टाची ऑर्डर लागते. दादांना आणू नका, आठ दिवसांत देतो." मी 18,000 रुपये रोख दिले. पावती नाही.

नवव्या दिवशी गोल शिक्क्याची ऑर्डर आणि क्यूआर कोडचा जन्मदाखला हातात आला. दादा वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवून थांबले. "ही माझी आई नाही गं." माझी आजी दादा चार वर्षांचे असताना गेली. एजंटनं जुन्या रेशन कार्डावरचं सावत्र आजीचं नाव उचललं होतं. पोरकेपणी वाढलेल्या माणसाच्या कागदावरून त्याची आईच पुसून टाकली, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

मग एकेक तपासलं. ऑर्डर 2024 ची, सही प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची. पण वर्षापेक्षा उशिरा होणाऱ्या नोंदीचा आदेश देण्याचा अधिकार 1 ऑक्टोबर 2023 पासून कोर्टाकडून जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेला आहे. ऑर्डरवरचा नंबर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर टाकला, तर चेक बाउन्सची केस निघाली. क्यूआर कोडनं उघडलेलं पान हुबेहूब सरकारी, फक्त वेबसाइटच्या नावाच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नव्हतं. तुमच्याकडे असा दाखला असेल तर आजच हे पाहा. असा कागद व्हिसाच्या फाइलला लागला असता, तर दादांना अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकला असता.

एजंटचा फोन बंद आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. जन्माची नोंदच नसेल तर अमेरिकेच्या व्हिसासाठी अनुपलब्धतेचा दाखला आणि सोबत जुने पुरावे, नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं चालतात. म्हणजे त्यानं बाजूला सारलेला कागदच कामाचा होता! तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला, तेव्हा कोतवाल बुकात, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीत, 1958 ची ओळ सापडली: आजोबांचं नाव, पुढे 'मुलगा'. आजीचं नाव तिथे नाही. ते आता दादांची थोरली बहीण, आमची आत्या, प्रतिज्ञापत्रात लिहून देणार आहे.