टॉकबॅक आणि मराठी आवाज : काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

मला रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे. या आजारात आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग नजर कडांकडून आत आकसत जाते. आता मला खिडकीचा उजेड कळतो, मोबाइलवरचं अक्षर कळत नाही. गेले काही महिने मी अँड्रॉइड फोन पूर्णपणे टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीवर, वापरते आहे, तोही मराठीत. कोणाची नजर कमी होत असेल किंवा घरात असं कोणी असेल, तर त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. टॉकबॅक उत्तम आहे. अडतं ते त्याच्यापुढे वाचायला जे ठेवलं जातं तिथे.

ते फुकट आहे आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्जमध्ये आधीपासून असतं. आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली की सुरू-बंद व्हावं, असा शॉर्टकट लावून घ्या. बोट नेलं तिथलं ते वाचतं. उजवीकडे स्वाइप केलं की पुढचं, डावीकडे केलं की मागचं, उघडायला दोनदा टॅप, यादी सरकवायला दोन बोटं. सुरुवातीला बोटं जुन्याच सवयीने चालतात आणि चिडचिड होते, म्हणून थोडं दिसत असतानाच शिकायला घ्या. स्क्रीन काळी ठेवून वापरायचीही सोय आहे. लोकलमध्ये शेजारच्या बाईला माझे मेसेज वाचता येत नाहीत, हे मला फार आवडतं.

आवाज मी दोन ठेवलेत. कथा-कादंबऱ्या ऐकायला माणसासारखा वाटणारा, कामाला ईस्पीक नावाचा. ईस्पीक सरळसरळ यंत्राचा आवाज आहे, पण वेग कितीही वाढवला तरी त्याची अक्षरं एकमेकांत मिसळत नाहीत. आता मी ज्या वेगाने बातम्या ऐकते, त्या वेगात घरच्यांना एक शब्द कळत नाही. मराठीतले दोन च आणि दोन ज मात्र यंत्राला नेहमी साधत नाहीत. ‘चार’मधला च ‘चारा’तही तसाच येतो. कानाला त्याची सवय होते, संदर्भाने अर्थ लागतो.

खरं दुखणं जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टचं आहे. त्यात देवनागरीचा आकार रोमन अक्षराच्या जागी बसवलेला असतो. डोळ्यांना स्वच्छ मराठी परिपत्रक दिसतं, टॉकबॅकला मात्र इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांचा ढीग सापडतो आणि तो ते इमानदारीने वाचत राहतो. मासिकांचे जुने अंक, अर्जांचे नमुने, संस्थांचे अहवाल, असं कितीतरी मराठी लेखन यामुळे आमच्या हाताशी असूनही आमचं नाही. दुसरा अडसर चित्रांचा. लग्नाची पत्रिका, निधनाची बातमी, उद्या पाणी येणार नाही ही सूचना, सगळं चित्र करून पाठवतात. मला ऐकू येतं फक्त ‘फोटो’. चित्रातला मजकूर ओळखणारी अ‍ॅप्स साधं छापील अक्षर बऱ्यापैकी उचलतात, नक्षीदार अक्षरांवर अडखळतात. हाताने लिहिलेल्या फलकाचं काही सांगता येत नाही. माझी कळकळीची विनंती आहे, चित्र पाठवा, पण खाली दोन ओळी टाइपही करा.

पुस्तकांचं चित्र बरं आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीमुळे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकं वाचनसुलभ रूपात आणता येतात, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात मराठी पुस्तकंही मिळतात. सभासद व्हाच.

पैशांच्या व्यवहारात दोन टोकं दिसली. एका बँकेच्या अ‍ॅपने केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, चेहरा गोलात आणून पापण्या मिचकावायला सांगितलं. चेहरा गोलात आला की नाही हे सांगणारा आवाजच नव्हता, शेवटी भाचीला बोलवावं लागलं. डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी अशाच केवायसीबद्दलच्या एका प्रकरणात सांगितलं आहे. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी तो निकाल वाचावा. उलट, दुकानातला ‘इतके रुपये मिळाले’ म्हणणारा स्पीकर बसवला दुकानदारासाठी, पण मी किती दिले हे मलाही लगेच कळतं. रोख नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ अ‍ॅप ठेवलं आहे, ते नेटशिवाय नोट ओळखून सांगतं. नव्या नोटा लांबीनेही कळतात. शंभरची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. कडेच्या उठावदार तिरक्या रेघा कोऱ्या नोटेवर छान लागतात, मळक्या नोटेवर नाही.

रस्त्यावर मी टॉकबॅक बंद ठेवते. तिथे कान मोकळे हवेत. भिंतीलगत चालताना आवाज दबलेला असतो, गल्लीचं तोंड आलं की एकदम उघडतो. वळण कळतं ते त्यावरून, काठी नंतर सांगते. फलाटावर दिव्यांगांचा डबा थांबतो तिथे बीप वाजते, तिच्या रोखाने मी चालत जाते. ती साधी सोय मला कुठल्याही अ‍ॅपइतकीच मोलाची आहे.

सिनेमाचं मात्र अजून रखडलेलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये ध्वनिवर्णनाचा, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते आवाजात सांगण्याचा, उल्लेख आहे, चित्रपटगृहांसाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वंही काढली. टॉकबॅक मला ओटीटीवरचं सिनेमाचं नाव वाचून देतो, प्ले दाबून देतो. पुढे संवाद थांबले की कोण कुठे गेलं हे बहीण कानात सांगते. मराठी सिनेमाला हे वर्णन हवं आहे, आणि मी त्यासाठी तिकीट काढायला तयार आहे.

नवा फोन घेणार असाल तर दुकानातच टॉकबॅक सुरू करून बघा, बोट आणि बोलणं यांत अंतर पडत असेल तर तो घेऊ नका. इअरफोनचा जॅक असलेला मिळाला तर उत्तम, कारण ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो आणि टाइप करताना तेवढाही उशीर जाणवतो. मराठी आवाजाची फाइल घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी फोन मराठीतच बोलेल.