‘२.५ एमएम प्युअर कॉपर’ छापलेल्या केबलनं केलेली फसवणूक

गोठ्यापर्यंत न्यायच्या एक्स्टेंशन केबलमध्ये मी ४,८५० रुपयांना फसवला गेलो. त्या केबलपायी कडबाकुट्टीची मोटर जळली. रिवायंडिंगचे ३,४०० आणि कपॅसिटरचे २८० वेगळे. एकूण ८,५३० रुपये. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण संताप दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या केबलची अर्थिंगची हिरवी वायर सॉकेटच्या डबीत जोडलेलीच नव्हती. आत तोडून तिच्यावर टेप गुंडाळली होती. बाहेरून तीन कोर (म्हणजे आत तीन वायरी), तीन पिनांचा टॉप, सगळं रीतसर. आत मात्र अर्थिंगच नाही.

आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. घरापासून गोठा पंचवीस मीटरवर. कुट्टीला दोन एचपीची सिंगल फेज मोटर आहे, ती चालताना ११-१२ अँपिअर घेते. गोठ्यात कायम ओल असते, म्हणून मी दुकानात स्पष्ट सांगितलं होतं, “शेठ, दोनची मोटर आहे, लांबवर न्यायचीय, अडीच एमएम थ्री कोर तांब्याचीच द्या.” ‘काहीतरी स्वस्तातलं द्या’ असं मी म्हटलेलंच नाही. त्यानं ३० मीटरची पिवळी गुंडाळी काढली. केबलवर दर मीटरला छापलेलं होतं : २.५ स्क्वेअर एमएम, प्युअर कॉपर, आयएस ६९४ (पीव्हीसी केबलचं भारतीय मानक), आणि आयएसआयचा शिक्का. सांगितले ५,६००, दिली ४,८५० ला.

आता तो क्षण. गुंडाळी मी एका हातानं उचलली आणि ती हलकी लागली. मी विचारलंही, “एवढी हलकी कशी?” तो म्हणाला, “नवीन पीव्हीसी आलंय दादा, वजन कमी केलंय, बायामाणसांनाही ओढता येते.” मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं की पीव्हीसी कुठलंही असो, तांब्याचं वजन बदलत नाही. अडीच एमएमच्या तीन कोरच्या ३० मीटर केबलमध्ये नुसतं तांबंच सुमारे दोन किलो असतं. माझ्या गुंडाळीत सगळा धातू मिळून जेमतेम ३०० ग्रॅम निघाला! हातात फरक कळला होता, तोंडातून प्रश्नही निघाला होता, आणि समोरच्यानं डोळ्याला डोळा भिडवून खोटं सांगितलं. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

गावात काही जण म्हणाले, स्वस्ताच्या मागे लागलास. साफ खोटं आहे हे. नंतर मी दुसऱ्या गावाहून खरी केबल आणली : १३८ रुपये मीटरनं ३० मीटरचे ४,१४०, टॉप आणि मेटलक्लॅड (धातूच्या डबीच्या) सॉकेटचे ७६०, मिळून ४,९००. पक्कं बिल, जीएसटी धरून. म्हणजे खरा माल फक्त ५० रुपयांनी महाग होता. भामट्यानं भाव मुद्दाम खऱ्याच्या जवळ ठेवला होता, कुणाला शंकाच येऊ नये म्हणून. किंमत बघून ओळखता येईल या भ्रमात राहू नका.

केबल आणल्यावर सुरुवातीला कुट्टी चालली. मग मोटर घुरघुरायला लागली, उचलेना. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतंच, म्हणून मी विजेला दोष देत राहिलो. गुंडाळी हाताला गरम लागायची. एका संध्याकाळी बायकोनं कुट्टीच्या तोंडाला हात लावला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं. शेजारी दावणीला दोन म्हशी बांधलेल्या होत्या, आणि जनावर माणसापेक्षा कमी व्होल्टेजनंही मरू शकतं. त्यानंतर दोन दिवसांत मोटर जळाली.

रिवायंडिंगवाल्यानं मोटर उघडण्याआधीच विचारलं, “केबल कुठली हाय?” त्यानं टोक सोललं, एक तार ब्लेडनं खरवडली. वरचा लाल मुलामा गेला आणि आत पांढरं. तांब्याचं पाणी चढवलेलं अॅल्युमिनियम. एका कोरमधल्या तारा मोजल्या : ३२. मायक्रोमीटरवर एकेक तार ०.२० मिलिमीटर. हिशेब सरळ आहे, सगळ्या तारांच्या छेदाचं क्षेत्रफळ मिळून हे १ स्क्वेअर एमएम झालं. अडीच नाहीच. इन्सुलेशन आणि वरचं आवरण जाड ठेवून बाहेरची जाडी अडीचच्या केबलइतकी केली होती.

हा फरक किती मोठा आहे ते ऐका. खऱ्या अडीचच्या तांब्यात, जाऊन-येऊन ६० मीटर धरले तर, १२ अँपिअरला पाच-सहा व्होल्ट पडतात. या केबलमध्ये वीसच्या वर. मोटर सुरू होताना काही क्षण चार-पाच पट करंट ओढते, तेव्हा तर व्होल्टेज पार कोसळतं. मोटर फिरत नाही, नुसता करंट खाते आणि वाइंडिंग भाजतं. शिवाय अडीचशे वॅटची उष्णता केबलमध्येच तयार होते. म्हणूनच सांगतो, खरी केबलसुद्धा ड्रमवर गुंडाळलेली ठेवून लोड टाकू नका. पूर्ण उलगडा.

मग मी सॉकेटची डबी फोडली. फोडलीच म्हणायची, कारण तिला स्क्रू नव्हते, रिव्हेट मारलेले होते. आत ती तोडलेली हिरवी वायर. रिव्हेटची डबी घेऊ नका, उघडून दाखवता येत नाही ती घेऊच नका.

दुकानदार म्हणाला, “आम्ही कुठं बनवतो? वरून येतं तसं विकतो.” बिल दाखवा म्हणाला. बिल म्हणजे त्यानंच दिलेला ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद. पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर, म्हणजे ८७३ रुपये, असं तेव्हा त्यानंच सांगितलं होतं. आमच्या बाजारात निम्मा व्यवहार अशाच कागदावर चालतो, हे तालुक्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत आहे.

आणि अधिकाऱ्यांबद्दल बोलायलाच हवं. चौकीत गेलो तर म्हणाले, हे दिवाणी आहे, ग्राहक कोर्टात जा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, आणि छापलेलं खोटं समोर टेबलावर ठेवलं होतं. साधा अर्जाचा शिक्कासुद्धा मारून देईनात. विजेच्या एका कार्यालयात विचारलं, तर साहेब म्हणाले, अपघात झालाय का? कुणी दगावलंय का? नाही म्हटल्यावर, “मग आमच्याकडे येत नाही.” म्हणजे बायको मेली असती तर पंचनाम्याला आले असते! दुसऱ्या कार्यालयात सांगितलं की बनवणाऱ्याचा पत्ता आणा. केबलवर पत्ताच नाही, हीच तर तक्रार आहे माझी. ऑनलाइन तक्रार टाकली, तिला उत्तर आलं, ‘पुरेशी कागदपत्रं नसल्यानं निकाली’. पीव्हीसी केबलला आयएसआय सक्तीचं आहे, खोटा शिक्का मारणं हा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) कायदा २०१६ खाली गुन्हा आहे, आणि तो शिक्का भरबाजारात लटकतोय. बघायचं कुणी? शेतकऱ्यानं ब्लेड घेऊन?

तर हो, ब्लेड घेऊनच जा. सोललेलं टोक मागा, एक तार खरवडा. वर पांढरी आणि आत लाल असेल तर ती कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, ती चालते. वर लाल, आत पांढरी, तर दुकानातून बाहेर पडा. नुसता आयएसआयचा शिक्का बघून भागत नाही, त्याखाली सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाच्या परवान्याचा क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर तिथंच उभं राहून टाका. उत्पादकाचं नाव आणि वस्तू जुळली पाहिजे. मी नंतर टाकला, तो क्रमांक सापडलाच नाही.

टॉपच्या मोठ्या पिनेपासून सॉकेटच्या मोठ्या भोकापर्यंत मल्टिमीटरनं कंटिन्युइटी, म्हणजे वायर अखंड जोडलेली आहे का, ते बघा. मीटर बीप झाला नाही तर अर्थिंग नाही. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. उघड्यावर, पाण्याजवळ वापरायचं सॉकेट झाकणाचं आणि किमान आयपी ४४ चं (पाण्याचे शिंतोडे आत न जाणारं) हवं, आणि ते जमिनीवर नको, खुंटीला टांगा. मध्ये टेप गुंडाळलेला सांधा असेल तर ती केबल गोठ्यात नेऊच नका. पक्कं बिल घ्या, त्यावर ‘२.५ स्क्वेअर एमएम, तांबं’ असं लिहून घ्या.

शेवटी मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, हे मला एकाही कार्यालयानं सांगितलं नाही, एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं. यूपीआयनं पैसे दिल्याची नोंद, रिवायंडिंगवाल्याचं सहीचं पत्र आणि उघडलेल्या डबीचे फोटो जोडले आहेत. नोटीस गेल्यावर दुकानदाराचा माणूस घरी आला, केबल परत द्या आणि ३,००० घ्या म्हणाला. दिली नाही. केबल पोत्यात बांधून कपाटात ठेवली आहे, सुनावणीला तीच घेऊन जाणार आहे.