‘आतलं उघडू नका’ म्हणाला, आणि मी ऐकलं

कापड विटलेलं, हातांवरचं पॉलिश उडालेलं, बसायच्या जागी खड्डा, आणि एका फाटक्या कोपऱ्यातून भरणातले घोड्याचे केस डोकावत होते. खुर्ची बघताक्षणी मी मनातल्या मनात ती घरी नेऊनही ठेवली होती. विकणाऱ्याला फार गोड बोलावं लागलं नाही. ‘व्हिक्टोरियन आहे, १८६० च्या आसपासची,’ तो म्हणाला. मग हलक्या आवाजात पुढे, ‘गादी मूळची आहे, एकदाही बदललेली नाही. खालचं कापड मात्र उघडू नका. उघडलंत की किंमत गेली.’

यातली मेख अशी की हा सल्ला खोटा नाही. जुन्या खुर्च्यांच्या गाद्या दर पिढीला नव्याने भरल्या जातात, त्यामुळे मूळ भरण टिकलेली खुर्ची खरोखरच दुर्मिळ असते आणि जाणकार ती उसवत नाहीत. मी हे कुठेतरी वाचलं होतं. अर्धवट माहिती असलेलं गिऱ्हाईक सगळ्यात सोपं, कारण ते स्वतःच स्वतःला पटवतं.

त्याने गादी दाबून स्प्रिंगचा आवाज ऐकवला. मीही शहाण्यासारखी मान हलवली. खरं तर गुंडाळी स्प्रिंगच्या गादीचं इंग्लंडमधलं पेटंट १८२८ चं आहे आणि तशा स्प्रिंगा आजही बनतात. म्हणजे त्या आवाजावरून खुर्ची साधारण त्या सुमारानंतरची, एवढंच कळतं. पाठीच्या गोल महिरपीचं आणि बाकदार पायांचंही तेच. चिपेंडेल या इंग्रज फर्निचर-कारागिराचं नमुन्यांचं पुस्तक १७५४ चं, पण त्या घाटाच्या खुर्च्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि नंतरही धडाधड बनत होत्या. घाट सांगतो की वस्तू अमुक काळाच्या आधीची नाही. नंतरची नाही, असं तो कधीच सांगत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण डोळ्यांसमोर खुर्ची होती.

दीड वर्षाने बैठक एका बाजूला खचली म्हणून गादीकाम करणाऱ्या कारागिराकडे नेली. त्याने खुर्ची उलटी केली आणि खालच्या काळ्या कापडाची कड उचलली. कापड स्टेपलच्या पिनांनी ठोकलेलं होतं. गादीकामात पिना सर्रास आल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. ‘कुणीतरी खालचं कापड बदललं असेल,’ मी म्हणाले. ‘असेल,’ तो म्हणाला. कोपऱ्यातल्या ठोकळ्यांमध्ये अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू निघाले. फिलिप्सच्या या स्क्रूंचं पेटंट १९३० च्या दशकातलं. ‘सांधे ढिले झाले असतील, नंतर घातले असतील.’ ‘असतील.’ वरचं कापड निघालं तेव्हा घोड्याचे केस फक्त त्या फाटक्या कोपऱ्यात मूठभर होते. बाकी सगळा पिवळा पडलेला फोम, आणि हा फोम फर्निचरमध्ये आला तोच १९५० च्या दशकात. मी तरीही वकिली करतच होते. गादी पुन्हा भरली असेल, चौकट तरी जुनी असेल!

त्याने वाद घातला नाही. बैठकीच्या चौकटीची पट्टी बोटाने पुसली आणि टॉर्च मारला. गादी जितक्या वेळा बदलते तितक्या वेळा चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटून नव्या ठोकल्या जातात, आणि दर वेळी लाकडात नवी भोकं पडतात. शंभर-दीडशे वर्षांच्या खुर्चीची ती पट्टी चाळणी झालेली असते. इथे पिनांचे जोडीजोडीने पडलेले बारीक टोचे सोडले तर लाकूड कोरं होतं. ‘ताई, जुनी चूक एकही नाही हिच्यात,’ तो म्हणाला. (चूक माझी होती, हे तो सभ्यपणाने बोलला नाही.) गादी मूळची असती तर पिना नसत्या. बदललेली असती तर जुनी भोकं असती. दोन्ही नाही, याचा अर्थ ती चौकट पिनांच्या जमान्यातच घडली होती.

पुढच्या पायांनी मात्र मलाही थक्क केलं. ते खरंच जुने होते, फक्त या खुर्चीचे नव्हते. विकणाऱ्याने त्यांच्यावरची किडीची भोकं मला मोठ्या कौतुकाने दाखवली होती. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी आतल्या आत वेडेवाकडे बोगदे काढते, आणि भुंगेरा बाहेर पडताना जेमतेम दोन मिलिमीटरचं गोल भोक ठेवतो. वरच्या पृष्ठभागावर ती कीड चर खोदत नाही. एका पायाच्या वरच्या भागात, जिथे तो नव्या मापाला तासला होता, तिथे तो बोगदा उघड्या पन्हळीसारखा आडवा दिसत होता. म्हणजे कीड आधी लागली आणि तासकाम नंतर झालं. कुठल्या तरी मोडक्या टेबलाचे पाय असावेत, असा कारागिराचा अंदाज.

पॉलिशची झीज आता बघते तेव्हा स्वतःचाच राग येतो. माणसाचा तळवा खुर्चीच्या हाताच्या पुढच्या टोकावर टेकतो, टाचा पुढच्या आडव्या पट्टीला लागतात, मागचे पाय ढकलून-ओढून खालून झिजतात. या खुर्चीत हातांच्या खालची बाजूही तितकीच घासलेली होती, आणि मागच्या पायांचे तळ चौकोनी, धारदार. हे बघायला काही उसवावं लागत नाही. खुर्ची उलटी करायची, इतकंच. मूळ गादीला धक्का न लावता खालच्या कापडाची सुटलेली कड टॉर्चने बघू देतो का, असं मी विकणाऱ्याला विचारलं असतं आणि तो नाही म्हणाला असता, तरी पुरलं असतं.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला, कारागिराला काय कळतं. मग म्हणाला, ‘तुम्ही उघडलीत ना? आता परत घेता येणार नाही, मी आधीच सांगितलं होतं.’ त्या ‘उघडू नका’चा दुसरा उपयोग मला तेव्हा कळला. मी पावती काढली. त्यावर १८६० कुठेच नव्हतं. लिहिलं होतं, ‘व्हिक्टोरियन शैलीची जुनी खुर्ची, एक नग.’ ‘शैलीची’ हा शब्द मी घेताना वाचला होता, आणि तो मला भारदस्त वाटला होता.

कारागिराने विचारलं, फोम घालू की केस. फोमच घाल म्हटलं. बसायला खुर्ची छान आहे, हेच जास्त झोंबतं.