साडेतीन हजारांचं ‘मसल पॅकेज’ घ्यावं का?

आमचं नागपूरच्या प्रतापनगरात मेडिकल स्टोअर आहे. काउंटरवर उभं राहून माझी अर्धी जिंदगी गेली, त्यामुळे लॅबवाल्यांची पत्रकं आणि त्यांच्या ‘फक्त आजच’च्या ऑफरी मला नवीन नाहीत. या उन्हाळ्यात मात्र जरा वेगळं पत्रक दुकानात येऊन पडलं: ‘पन्नाशीनंतरच्या महिलांसाठी मसल हेल्थ प्रोफाइल’. गुलाबी कागद, डंबेल उचललेली हसरी बाई, ७,२०० वर काट मारून खाली ३,४९९. रक्त घ्यायला घरी येणार, रिपोर्ट मोबाइलवर, डॉक्टरचा सल्ला फुकट. लॅबचं नाव लिहीत नाही. असली पॅकेजेस आता बरेच जण काढून राहिले, आणि मला जे म्हणायचं आहे ते सगळ्यांनाच लागू आहे.

घेतलं याचं कारण साधं. माझं वय ५७, पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. वजनाचा काटा जागचा हलला नाही, पण सलाइनचं खोकं मागच्या खोलीत नेताना आता दुकानातल्या पोराला हाक मारावी लागते. वजन तेच आणि ताकद कमी, म्हणजे आत स्नायू कमी होऊन चरबी वाढली असणार. इस्ट्रोजेन उतरलं की हाडांसोबत स्नायूंनाही फटका बसतो. हाडांसाठी कॅल्शियम मागायला रोज बायका येतात. स्नायूंचं विचारायला आलेली बाई मला आठवत नाही.

आधी सर्व्हिसबद्दल. मुलगा ठरल्या वेळी, सकाळी साडेसहाला हजर. मे महिन्यातलं नागपूर, त्या वेळीसुद्धा अंगाला चटके बसत होते. त्याच्याजवळ बर्फाचे पॅक घातलेली पेटी होती, सुई माझ्यासमोर फोडली, ट्यूबवर माझं नाव आणि वेळ माझ्यासमोरच चिकटवली. एकाच टोचण्यात काम झालं. ‘काकू, दुखलं तर नाही ना?’ म्हणून विचारलंही. पोरगा गुणी. पण विचारायला हवं होतं ते त्याने विचारलं नाही, आणि तो दोष त्याचा नाही, त्याला शिकवणाऱ्यांचा आहे.

पहिला प्रश्न: काल रात्री काय खाल्लं? आपल्याकडे रविवारी रात्री सावजी मटण आणि सोमवारी सकाळी रक्ततपासणी, असं सर्रास चालतं. शिजवलेल्या मटणातून क्रिएटिनीन थेट पोटात जातं आणि रक्तातला आकडा वर चढतो. ज्या पॅकेजमध्ये क्रिएटिनीन (किडनीसाठी बघतात तो रक्तातला घटक) मोजतात, त्यात हे विचारायला नको? दुसरा प्रश्न: केसांच्या गोळ्या चालू आहेत का? पन्नाशीच्या बायका माझ्याकडून बायोटिनच्या गोळ्या पाकिटानं नेतात, एकेका गोळीत १० मिलिग्रॅम. थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि हार्मोनच्या बऱ्याच तपासण्या ज्या पद्धतीने होतात, त्यात बायोटिन लुडबुड करतं आणि आकडा खोटा येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. मला माहीत होतं म्हणून मी मटण आणि गोळ्या दोन्ही आधीच बंद ठेवलं. बाकीच्यांना कोण सांगणार?

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. पानंच पानं, प्रत्येक पानावर हिरव्या-पिवळ्या-लाल रंगाचा अर्धगोल काटा. पहिल्याच पानावर एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम) लाल, खाली ‘स्नायूंची हानी संभवते’. वाचणारीच्या पोटात गोळाच यावा. पण शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘नमुना हिमोलाइज्ड’. म्हणजे रक्त नेता-आणताना लाल पेशी फुटल्या. त्या पेशींमध्ये एलडीएच ठासून भरलेलं असतं, त्या फुटल्या की आकडा वाढणारच. स्नायूंचा त्यात काही संबंध नाही. फोन केला, जरा आवाज चढवला, तर दुसऱ्यांदा रक्त फुकट घेऊन गेले आणि एलडीएच नॉर्मल आलं. परत घेण्याबद्दल कुरकुर केली नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहिते. पण ती टीप पहिल्या पानावर हवी होती.

आता या पॅकेजमध्ये काय आहे आणि त्यातलं कामाचं किती?

सीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, ‘मसल प्रोफाइल’च्या अगदी डोक्यावर बसवलंय. ही तपासणी स्नायूला इजा झाली की वाढते: जोराचा व्यायाम, कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्यांचा त्रास, कमरेवर घेतलेलं इंजेक्शन. वर्षानुवर्षं हळूहळू झिजणाऱ्या स्नायूबद्दल ते काही बोलत नाही. माझं नॉर्मल आलं, काटा हिरवा. हिरवा काटा बघून कोणी निर्धास्त झाली तर तिची फसगतच.

इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) आणि एफएसएच (बीजकोशांना चालना देणारं हार्मोन). पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या बाईचं इस्ट्रॅडिओल कमी आणि एफएसएच वर असणार, हे सांगायला रक्त कशाला काढायला हवं? त्यावर लाल खूण करून ठेवणं म्हणजे निव्वळ भीती विकणं. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि सीआरपीही (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) आहेत. अल्ब्युमिन यकृताच्या दुखण्यात, सुजेत, लघवीतून प्रोटीन जात असेल तर उतरतं. सीआरपी हिरड्या सुजल्या तरी चढतं. वयाबरोबर स्नायू जातात त्यात शरीरातल्या मंद सुजेचा वाटा असतो हे खरं, पण एका बाईच्या एका आकड्यावरून तिच्या मांडीबद्दल निकाल देता येत नाही.

टीएसएच (थायरॉइडची तपासणी), एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) आणि व्हिटॅमिन डी मात्र पाहिजेतच. थायरॉइड कमी असो की जास्त, दोन्हीत स्नायू दुबळे पडतात. अनावर डायबेटीसही स्नायू खातो. माझं व्हिटॅमिन डी १७ आलं. २० च्या खाली म्हणजे कमतरता. ४५ अंशाच्या गावात ही गत! पण आपण उन्हात असतो कधी? दिवसभर कूलरसमोर, आणि बाहेर पडलं की डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये. डी फार कमी झालं की मांड्या आणि खांद्यांचे स्नायू ढेपाळतात, खाली बसून उठणं जड जातं. हे भरून काढता येतं, म्हणून ही तपासणी पैसे वसूल करणारी. फक्त ती ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरने सांगितली तितकेच आठवडे घ्या. वर्षानुवर्षं दर रविवारी पुडी घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीलाच त्रास होऊ शकतो.

या सगळ्या पानांत मला खरी गंमत वाटली ती क्रिएटिनीन आणि सिस्टॅटिन सी यांच्या जोडीची. यासाठीच हे लिहायला बसले.

स्नायूंमधल्या क्रिएटिनचा दररोज दीड-दोन टक्के भाग आपोआप क्रिएटिनीन होऊन रक्तात येतो आणि किडनी त्याला बाहेर टाकते. म्हणून आपण क्रिएटिनीनकडे किडनीची तपासणी म्हणून बघतो: वाढलं की घाबरायचं, कमी असलं की खूश. पण स्नायूच कमी असले तर क्रिएटिनीन तयारच कमी होतं. सिस्टॅटिन सी हे प्रोटीन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, स्नायूंवर ते फारसं अवलंबून नसतं. माझं क्रिएटिनीन ०.५८ आणि सिस्टॅटिन सी ०.९७. किडनी किती काम करते याचा अंदाज, ज्याला ईजीएफआर म्हणतात, तो क्रिएटिनीनवरून आला १०५ आणि सिस्टॅटिनवरून ७६. एकाच बाईचा, एकाच सकाळच्या रक्तातून! रिपोर्टमध्ये पहिल्या आकड्यावर हिरवा काटा आणि ‘उत्तम’. दुसरा आकडा कुठेतरी पाचव्या पानावर. दोन्ही एका ओळीत लिहून ‘यांत एवढा फरक का, हे डॉक्टरांना विचारा’ असं छापलं असतं तर मी या पॅकेजला चार तारे दिले असते.

हा फरक दुकानात बसून मला रोज जाणवायला हवा, कारण डायबेटीसवरची मेटफॉर्मिन काय किंवा नसांच्या दुखण्यावरची गाबापेंटिन काय, डोस किडनी बघून ठरतो. वाळलेल्या अंगाच्या सत्तरीतल्या आजीचं क्रिएटिनीन ‘मस्त’ दिसतं आणि तिला पुरा डोस लिहून दिला जातो. अर्थात सिस्टॅटिनही धुतल्या तांदळासारखं नाही. थायरॉइड, स्टेरॉइडच्या गोळ्या, लठ्ठपणा, सूज यांनी तेही हलतं. क्रिएटिनीनला सिस्टॅटिनने भागून शंभराने गुणलं की एक आकडा निघतो, माझा साधारण ६०. संशोधक त्याला सार्कोपेनिया (वयाबरोबर स्नायू घटणं) इंडेक्स म्हणतात आणि तो कमी तितके स्नायू कमी असा अंदाज बांधतात. पण इतक्याच्या खाली धोका, अशी सर्वमान्य रेघ अजून कोणी आखलेली नाही. माझ्या रिपोर्टवर मात्र त्यालाही रंगीत काटा होता. तो कुठून आणला, हे फोनवरच्या ‘फुकट डॉक्टर’लाही सांगता आलं नाही. त्यांनी लाल आकडे वाचून दाखवले, जे मला वाचता येत होतेच. संध्याकाळी डाएटिशियनचा फोन: ‘मॅडम, आमची प्रोटीन पावडर...’ बाप्पा, मीच दुकानात चार कंपन्यांची पावडर विकते!

मग धंतोलीत एका फिजिओथेरपीवाल्या ताईंकडे गेले. ५०० रुपये फी, मशीन म्हणजे पकडीची ताकद मोजायला हातात दाबायचा एक डायनामोमीटर, बिनहाताची एक खुर्ची आणि शिंप्याकडे असते ती टेप. सार्कोपेनिया ओळखायला आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये जे निकष ठरवले, त्यात रक्ताची एकही तपासणी नाही, हे ताईंनीच सांगितलं. बाईच्या हाताची पकड १८ किलोपेक्षा कमी, हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त, चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी, पोटरीचा घेर ३३ सेंटीमीटरच्या आत: हे बघायचं असतं. त्यातून शंका आली तरच डेक्सा (एक्स-रेसारखं स्कॅन) किंवा तत्सम मशीनवर स्नायू मोजायचे.

उजव्या मुठीत ते यंत्र धरून मी दात-ओठ खाऊन दाबलं. काटा १७ च्या पुढे सरकेना. ताई म्हणाल्या, ‘श्वास रोखू नका, परत दाबा.’ साडेसतरा. उठबस ११ सेकंदांत झाली, मांड्या थरथरल्या ते वेगळं. पोटरी ३२. सीकेने आणि हार्मोनच्या तपासण्यांनी जे सांगितलं नाही, ते त्या काट्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं. त्यांनी रबरी पट्टा दिला, खुर्चीवरून उठबस, पाण्याच्या कॅन उचलणं असं लिहून दिलं, आणि खाण्याबद्दल खोदून विचारलं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशेबाने किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. वय झालेल्यांना १ ते १.२ द्यावं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात, मात्र किडनी ठीक आहे ना ते बघून. माझं वजन ६०. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम, आणि आपलं पातळ वरण किती पातळ असतं ते आपल्याला ठाऊक आहे. विदर्भात एवढं सोयाबीन पिकतं, पण वड्या कोणाच्या ताटात असतात?

तर पॅकेजला माझ्याकडून पाचपैकी अडीच. रक्त घेण्याची पद्धत चांगली, तक्रार केल्यावर वागणूकही चांगली, रिपोर्टची मांडणी घाबरवणारी, निम्म्या तपासण्या बिनकामाच्या. टीएसएच, एचबीएवनसी, व्हिटॅमिन डी, क्रिएटिनीन आणि सिस्टॅटिन सी एवढंच डॉक्टरकडून लिहून घेऊन वेगळं करा. माझ्या हिशेबाने पॅकेजपेक्षा बरंच स्वस्त पडतं. आधी मात्र खुर्ची आणि घड्याळ घरीच काढा, त्याला पैसे लागत नाहीत. पडायची भीती असेल तर जवळ कोणाला तरी उभं करा.

फिजिओताईंना साडेचार. अर्धा तारा कापला, कारण दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. मी बोलले तर म्हणाल्या, ‘काकू, चढून आलात तेव्हाच माझी निम्मी तपासणी झाली.’ तरी गुडघे गेलेल्या बायकांनी फोन करूनच जावं. खाली पार्किंगमध्ये येऊन तपासतात.