बातमीसाठी एआर आणि थ्रीडी स्कॅन : पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

कोल्हापुरात पावसाचा जोर वाढला की जो तो एकच विचारतो, पाणी किती फुटांवर? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. बाहेरगावच्या वाचकाला मात्र त्या आकड्यातून काहीच दिसत नाही. म्हणून आमच्या छोट्या न्यूज पोर्टलसाठी मी ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी (एआर) हाताळायला घेतली, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या जागेत थ्रीडी वस्तू उभी करणारं तंत्र.

साहित्य फार लागत नाही. लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, असलेला आयफोन (12 प्रोपासून प्रो मॉडेल्समध्ये तो मिळतो) आणि एक स्कॅनिंग अ‍ॅप. वस्तूभोवती सावकाश फिरलं की मोजमापासकट थ्रीडी मॉडेल तयार होतं. आयफोनसाठी यूएसडीझेड फाइल लागते, अँड्रॉइडसाठी जीएलबी. वाचकाने बातमीतलं बटण दाबलं की ती वस्तू त्याच्या घरात खऱ्या आकारात उभी राहते.

सगळ्यात समाधान दिलं ते कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली गावातल्या एका घराने. 2019 च्या महापुराचं पाणी कुठवर आलं, ते घरमालकांनी भिंतीवर लाल रंगाने आखून ठेवलंय, दाराच्या चौकटीच्याही बरंच वर. ती भिंत, चौकट, खुंटीला अडकवलेली पिशवी, सगळं स्कॅन केलं. पुण्याच्या एका वाचकाने ती भिंत आपल्या हॉलमध्ये उभी करून स्क्रीनशॉट पाठवला. लाल रेघ त्यांच्या पंख्याच्या पात्यांपाशी गेली होती. खाली एवढंच लिहिलं होतं, "दादा, यात माणूस उभा कुठं राहणार?" पुरावर मी इतक्या बातम्या लिहिल्या, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्यामुळे माझं मत पक्कं झालंय. आकार हीच जिथे बातमी आहे, तिथेच एआर वापरावं. अमेरिकेत 2018 मध्ये फ्लॉरेन्स वादळाच्या वेळी वेदर चॅनलने निवेदिकेभोवती 3, 6 आणि 9 फूट पाणी चढताना दाखवलं. ते परिणामकारक ठरलं कारण उंची माणसाच्या अंगाशी मोजता आली. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने हिवाळी ऑलिंपिकचे खेळाडू वाचकांच्या खोलीत आणले, तेही खऱ्या मापात. उलट बंधाऱ्यावरचे 43 फूट म्हणजे गल्लीत 43 फूट पाणी नव्हे. तो आकडा उचलून रस्त्यावर पाणी चढवणं ही वाचकाची दिशाभूल आहे. मी फक्त भिंतीवरच्या खुणा दाखवतो, आणि टेपने मोजल्याशिवाय माप देत नाही.

आता अडचणी. लायडारचा पल्ला जेमतेम 5 मीटर. पूल किंवा अख्खी गल्ली त्यात बसत नाही. पाणी, काच, स्टीलची भांडी यांवर हमखास गडबड होते. हलणारी माणसं फरफटल्यासारखी उमटतात, म्हणजे मोर्चा-सभा बादच. अनेक स्वस्त अँड्रॉइड फोनवर एआर चालतच नाही, तिथे मॉडेल नुसतं बोटाने फिरवून बघावं लागतं. पण मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. एका अ‍ॅपने पुराने तडकलेल्या भिंतीतली भेग आपोआप बुजवून भिंत गुळगुळीत करून टाकली. बातमीच ती भेग होती! तेव्हापासून जे अ‍ॅप ही भर बंद करू देत नाही ते मी वापरत नाही, आणि मॉडेलखाली कुठला भाग मोजलेला आणि कुठला अंदाजे, ते लिहितो.

घरात स्कॅन करताना कपाटावरची औषधं, भिंतीवरचे फोटो, रेशनकार्डसुद्धा मॉडेलमध्ये येतं. घरच्यांना मॉडेल फिरवून दाखवून, नको ते कापूनच मी पुढे जातो. यात वेळ जातो, पण तो द्यायलाच हवा.

सुरुवात करणाऱ्यांनी मूळ फोटो आणि फाइल स्वतःकडे ठेवावी. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने एआर इफेक्ट बनवण्याचा स्पार्क एआर हा मंच जानेवारी 2025 मध्ये बंद केला, तेव्हा बाहेरच्या लोकांनी त्यावर बनवलेले इफेक्ट इन्स्टाग्रामवरून गेले. आमची चिखलीची भिंत आमच्याच सर्व्हरवर आहे, आणि मूळ फोटोंची एक प्रत घरमालकांनाही पेनड्राइव्हवर दिली आहे.