फिलिंगन-श्वेनिंगन (जर्मनी): जोडशहराची पायी सफर, पाचपैकी साडेतीन तारे

नुसते फोटो हवे असतील तर ही सफर घेऊ नका. फिलिंगनची जुनी तटबंदी आणि तिचे उभे असलेले तीन दरवाजे स्वतःच फिरून बघा, वाटाड्याचे पैसे वाचतील.

मजा आहे ती जोडणीत. 1 जानेवारी 1972 रोजी ही दोन शहरं एक झाली, पण आमच्या वाटाड्याने 1634 पासून सुरुवात केली. तेव्हा तीस वर्षांच्या युद्धात वुर्टेंबर्ग या जर्मन संस्थानाच्या फौजेने ब्रिगाख नदीला बांध घालून ऑस्ट्रियाच्या ताब्यातलं कॅथलिक फिलिंगन बुडवायचा घाट घातला होता. श्वेनिंगन प्रोटेस्टंट, आणि वुर्टेंबर्गचंच. पुढे 1805 मध्ये, नेपोलियनच्या कृपेने, फिलिंगनही वुर्टेंबर्गच्या पदरात पडलं. वर्षभरात ते बाडेन या दुसऱ्या संस्थानाला गेलं आणि मधली शीव कायम राहिली. आजही फोनचे कोड वेगळे आहेत, 07721 आणि 07720. प्रोटेस्टंट चर्चचा कारभारही इकडे बाडेनचा, तिकडे वुर्टेंबर्गचा.

"मग पाणी तरी एक का?" सासूबाईंनी विचारलं. तेही नाही! ब्रिगाखचं पाणी डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला जातं. नेकार नदी उगम पावते ती श्वेनिंगनच्या दलदलीत, आणि तिचं पाणी ऱ्हाइनमार्गे उत्तर समुद्राला. वाटाडा हे सांगताना असा खूश होता की जणू त्यानेच ते वाटून दिलं.

दीड तारा कापला तो वेळेच्या वाटणीसाठी. बहुतेक वेळ फिलिंगनच्या देखण्या गल्ल्यांत गेला आणि श्वेनिंगन उरकलं. ते दिसायला साधं आहे, कबूल. शहराचा दर्जाच त्याला 1907 मध्ये मिळाला. पण ते वाढलं घड्याळांवर. कीन्त्सले, माउटे हे कारखाने इथलेच. ब्युर्क कारखान्याच्या जुन्या इमारतीत आता घड्याळ-उद्योगाचं संग्रहालय आहे. योहानेस ब्युर्क यांनी रात्रीच्या पहारेकऱ्यांसाठी काढलेलं घड्याळ बघाच: फेरीतल्या प्रत्येक ठिकाणी ठेवलेली किल्ली त्यात फिरवायची, की आतल्या कागदी पट्टीवर खूण उठते. पठ्ठ्या झोपला तर सकाळी मालकाला कळणारच. सासूबाई तिथून हलेनात, आणि वाटाडा दारात उभा राहून हातातलं घड्याळ बघत होता.

दोन्हीकडे स्वतंत्र रेल्वे स्टेशन आहे. सकाळी आधी श्वेनिंगनला उतरा, संग्रहालय निवांत बघा आणि मग फिलिंगन गाठा.